भोंडदरीतली हाक

"ही घ्या, लांबवाली," सरनोबतसाहेब म्हणाले आणि खोक्यातून अँटेनाची सव्वा मीटरची काडी उपसून त्यांनी ती तलवारीसारखी हवेत फिरवली. "जिल्ह्याच्या गाडीवर हीच आहे. बसवा हीच."

"साहेब, ती सपाटीची काडी आहे. आपल्याला दरीत उतरायचंय."

"अहो, जास्त लांब म्हणजे जास्त लांब ऐकू जाणार. एवढं तर मलाही कळतं."

सावळधरा वनपरिक्षेत्राच्या आवारात सकाळचे सात वाजले होते. एप्रिलचं ऊन आत्ताच टोचायला लागलं होतं. मी विभागीय कार्यालयातला वायरलेस मेकॅनिक, प्रभाकर डेहनकर. नव्या जिप्सीवर सेट बसवायला आदल्या दिवशी आलो होतो. सेट बसला होता, अँटेना राहिली होती, आणि घोडं तिथंच अडलं होतं. दोन महिन्यांत भोंडदरीत दोन वनरक्षकांना सागचोरांनी झोडपलं होतं. दोघांकडे वायरलेस होता. दोघेही बोंबलत राहिले आणि कुणालाही काही ऐकू गेलं नव्हतं.

मी साहेबांना समजावलं. लांब काडी आवाज आडवा फेकते, ताटासारखा पसरट. मैदानात झकास. दरीत तो समोरच्या कड्यावर आपटून तिथंच मरतो. आपला टॉवर मोरटेकडीवर, म्हणजे दरीतून पाहिलं तर डोक्यावर. आखूड काडी आवाज वरही टाकते. शिवाय लांब काडी पहिल्याच बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, अडकली, की मोडली.

"पण ही दिसते कशी! उंदराच्या शेपटीसारखी."

"साहेब, बिळात उंदीरच जाते जी," मागून नागोराव म्हणाला. "वाघ नाई जात."

साहेब हसले आणि माझं काम झालं. सरनोबत साताऱ्याकडचे, जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे. रागीट, पण मनानं मोकळे. नागोराव पेंदोर तिथला वनरक्षक, कोसाडी गावचा, पस्तिशीचा. काळासावळा, कमरेला कायम एक गमछा. दर वर्षी सेट दुरुस्तीला गेलो की मी त्याच्याच घरी जेवायचो. त्याची बायको जैतूबाई मोहाच्या फुलांची भाजी करायची आणि मी ती खाऊ शकतो ह्याचं तिला फार नवल वाटायचं.

गाडीला कापडी टप होता. काडीच्या पायाशी लोखंड नसेल तर तिचा जोर निम्मा होतो. म्हणून टपाच्या लोखंडी कमानीवर मी हातभर रुंद पत्रा ठोकला आणि मधोमध काडी उभी केली. मग ती जुळवायला बसलो. नागोराव माइकचं बटण दाबायचा, मी मीटरकडे बघायचो. सेटमधून निघालेली ताकद काडीतून बाहेर न पडता किती परत येते, ते त्या मीटरचा काटा सांगतो. काडी जास्त लांब असेल तरी परत येते, जास्त आखूड असेल तरी येते.

"किती लांब पायजे, भाऊ?"

"आपल्या फ्रिक्वेन्सीला साधारण एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत."

"तुमच्या हातानं का माह्या?"

"तुझ्या. माझा दोन बोटं आखूड आहे."

मी कानशीनं भाताच्या दाण्याएवढी काडी कापायचो, तो बटण दाबायचा, काटा थोडा खाली यायचा. पुन्हा कापायचो. घाई करून चालत नाही. जास्त कापली तर जोडता येत नाही, नवी घ्यावी लागते. चौदाव्यांदा काटा जवळजवळ शून्यावर बसला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"इथं झालं. आता दरीत जाऊन बघायचं."

त्या दिवशी नागोरावची ड्यूटी डेपोवर होती. भोंडदरीत नेमकं कुठं कुठं आवाज मरतो ते त्याला पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक होतं, म्हणून साहेबांना मीच म्हटलं, "ह्याला बरोबर घेऊ या." साहेबांनी डेपोवर दुसरा माणूस धाडला.

आम्ही चौघं निघालो. गाडी युसुफभाई चालवत होता. वीस वर्षांचा मुरलेला ड्रायव्हर. दगडधोंड्यांतून गाडी अशी नेई, की मांडीवरचा चहाचा कप सांडू नये. सरनोबत पुढं, मी आणि नागोराव मागं. माझ्या मांडीवर मीटर. दर वळणाला थांबायचं आणि मी कंट्रोलला हाक द्यायची. कंट्रोलवर त्या दिवशी कुंदा गेडाम होती. तिचा आवाज प्रत्येक वेळी घंटेसारखा स्वच्छ आला. शेवटी नाल्याच्या तळाशी, जिथं दोन्ही बाजूंना कडे उभे आणि आभाळाची नुसती पट्टी दिसते, तिथंही आला.

"सावळधरा, तुम्ही आहात कुठे? शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं वाटतंय."

नागोरावनं माझ्या पाठीवर थाप मारली. सरनोबत मागं वळून म्हणाले, "डेहनकर, उंदराची शेपटी जिंकली."

तेवढ्यात युसुफभाईनं इंजिन बंद केलं. "सुनो," तो म्हणाला.

वळणापलीकडे ट्रॅक्टर घरघरत होता.

तिथून मागं फिरणं शक्य होतं. युसुफभाईनं तसं सुचवलंही. "साब, चार आदमी हैं अपन. पहले खबर करो." सरनोबतांनी ऐकलं नाही. दोन महिने मार खाल्लेल्या माणसांचा राग त्यांच्या अंगात होता. "भरदिवसा?" ते म्हणाले. "माझ्या जंगलात भरदिवसा?" आणि गाडी वळणापलीकडे गेली.

कोरड्या नाल्यात ट्रॉली उभी होती. तिच्यावर सागाचे ओंडके, ताजे कापलेले, चिकाचा वास येणारे. पाच-सहा जण ओंडका वर चढवत होते. बाजूला डोह होता, काळा, अर्ध्या उन्हात.

सरनोबत चालत्या गाडीतून उतरले. रिव्हॉल्व्हर वर करून त्यांनी एक गोळी हवेत झाडली. दरी दणाणली. "जागचे हलू नका!"

कुणी हललं नाही. हलला तो नागोराव. तो माझ्या शेजारून कधी उतरला ते मला कळलंच नाही. तो सरळ ट्रॅक्टरकडे पळाला, ड्रायव्हरच्या बरगडीत त्यानं कोपर घातलं, चावी खेचली आणि हात मागं नेऊन ती डोहात फेकली. बुडुक असा एवढासा आवाज झाला. ओंडक्यांनी भरलेली ट्रॉली आता तिथून हलणार नव्हती.

नेमका तेव्हा वरच्या उतारावरून पहिला दगड आला.

बांबूत आणखी तिघं होते. दगड सरनोबतांच्या गालफडावर बसला. मडकं फुटावं तसा आवाज झाला आणि ते गुडघ्यावर आले. रिव्हॉल्व्हर वाळूत पडलं. एकानं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्यांच्या जबड्यावर घातला, मग पुन्हा घातला. ते आडवे झाल्यावरही तो घालतच राहिला, जणू ढेकळं फोडत होता.

"बैठो, बैठो!" युसुफभाई ओरडला आणि त्यानं गाडी मागं घेतली. पुढची काच फुटून त्याच्या मांडीवर सांडली. दोघांनी त्याला दारातून खेचलं. एकानं त्याचा पाय ट्रॉलीच्या चाकावर आडवा धरला आणि दुसऱ्यानं त्यावर ओंडका सोडला. युसुफभाईची किंकाळी अजूनही मला कधीकधी भांड्याच्या आवाजात ऐकू येते.

मग सात-आठ हात गाडीला लागले. एक हिसका, दुसरा, आणि जिप्सी कुशीवर पडली. मी मागच्या बाकाखाली आपटलो. बॅटरीच्या पेटीनं माझ्या बरगड्या मोडल्या. टप फाटला. कमानीवरचा पत्रा काडीसकट उचकटला आणि कुणीतरी तो उचलून दूर भिरकावला. "ह्याच्यानंच बोलतेत साले," तो म्हणाला.

मी आत होतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिघांना उतरताना पाहिलं होतं. फाटका टप माझ्यावर पडला होता. खालच्या बाजूनं वितभर उजेड येत होता आणि त्यात पाय दिसत होते. चपला, अनवाणी टाचा, आणि नागोरावचे खाकी पट्ट्या गुंडाळलेले पाय.

"चावी कुठं हाय?"

फटका आला.

"चावी कुठं टाकली बे?"

पेट्रोल ठिबकत होतं. माझ्या शर्टाची बाही भिजली होती. "गाडी पेटवून दे," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "धूर दिसन. गावातून दिसन. आधी चावी पायजे." ह्या एका वाक्यावर मी जिवंत राहिलो.

सेटचा लाल दिवा अजून जळत होता. बॅटरी शाबूत होती. काडी गेली होती, पण तिच्याकडे जाणारी केबल तुटून माझ्या मानेशी लोंबत होती. मी आवाजाचं बटण अगदी बारीक केलं. खिशातला चाकू काढला. पहिल्यांदा मी स्वतःचा अंगठाच कापला.

अशा केबलीत मधे एक तांब्याची तार असते आणि तिच्याभोवती जाळीची बाही. वरचं रबर सोलायचं, जाळी मोज्यासारखी मागं उलटायची आणि मधली तार मोकळी ठेवायची. किती? एक हात. मी कोपरापासून बोटापर्यंत मापलं आणि दोन बोटं जास्त धरली, कारण मापायचं होतं नागोरावच्या हातानं. तार टपाच्या फटीतून उभी बाहेर सरकवली. बाहेर कुणी पाहिली असती तर गवताची काडीच वाटली असती.

"कंट्रोल," मी कुजबुजलो. "भोंडदरी. नाल्याच्या तळाशी. नऊ जण, कुऱ्हाडी. माणसं मारतायत. लवकर या."

खरखर. मग काहीच नाही. मी तार थोडी कापली आणि पुन्हा तेच बोललो. तिसऱ्यांदा स्पीकरमधून मुंगीएवढा आवाज आला.

"सावळधरा, मिळालं. भोंडदरी, नऊ जण. वेळ बारा वीस. गाड्या निघाल्यात. तुम्ही जागेवरच राहा."

पावणेदोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात त्या क्षणी ज्याच्याकडे सेट होता त्या प्रत्येकानं ते ऐकलं. दोन बाजूंनी तीन गाड्या सुटल्या. चावी न मिळाल्यानं चोर ट्रॅक्टर सोडून पायीच पळाले. एक वाजून पाच मिनिटांनी पहिली गाडी नाल्यात उतरली तेव्हा सरनोबतांचा श्वास चालू होता. युसुफभाई बेशुद्ध होता. नागोराव डोहाच्या काठाशी पालथा पडला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. गाडीबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासापूर्वी संपलाय.

पळालेल्यांपैकी चौघं दुसऱ्या दिवशी सापडले. पेपरात माझा फोटो आला. 'हातभर तारेने वाचवले तिघांचे प्राण.' खात्यानं प्रशस्तिपत्र दिलं. सरनोबतांचा जबडा तारेनं बांधला होता, तरी त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'तुमच्यामुळे'. नवीन वनरक्षकांचं प्रशिक्षण असलं की मला बोलावायचे आणि मी फळ्यावर केबल काढून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची.

तीन वर्षांनी खटला उभा राहिला. जैतूबाई पहिल्या बाकावर बसायची. शेजारी सासरा. ती कुणाशी बोलत नसे.

आरोपींचा वकील हुशार होता. त्यानं सगळा खटला त्या चावीवर फिरवला. ट्रॅक्टरची चावी वनरक्षकाच्या हाती लागतेच कशी? तो त्यांच्यातलाच होता म्हणून. वाटणीवरून बिनसलं म्हणून. मी सांगितलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानं चावी हिसकावली. वकील म्हणाला, "आपण तर टपाखाली होता, नाही का?" लोक हसले.

मग त्यानं कागद चाळला. "साक्षीदार युसुफ खान म्हणतो, मार चालू असताना मयत वारंवार 'भाऊ, भाऊ' असं म्हणत होता. आपण ऐकलं?"

"हो."

"कुणाला म्हणत होता?"

कोर्टात पंखा फिरत होता. युसुफभाई कुबडी टेकून मागं बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्यांनाच," मी म्हणालो. "मारणाऱ्यांना. जिवाची भीक मागत होता."

"म्हणजे तो आरोपींना भाऊ म्हणत होता. एवढंच, धन्यवाद."

चौघांपैकी दोघांना शिक्षा झाली, दोघं सुटले. वरच्या कोर्टात पुढं त्या दोघांचीही कमी झाली. जैतूबाई निकालाच्या दिवशी माझ्या समोरून गेली. मला वाटलं काही बोलेल. बोलली नाही.

त्यानंतर मी कोसाडीला गेलो नाही. बदली मागून घेतली, नागपूरला आलो, निवृत्त झालो. चोवीस वर्षं अशी गेली. गेल्या फेब्रुवारीत युसुफभाईचा फोन आला. तो आता सावळधऱ्याला मुलाच्या दुकानात बसतो.

"डेहनकरसाब, कोसाडी की खबर सुनी?"

"काय झालं?"

"शाळेची नवी खोली बांधली. मास्तर बोले, पेंदोर का नाम देंगे. ग्रामसभेत लोकं उठले. बोले, चोरांना भाऊ म्हणणाऱ्याचं नाव शाळेला? उसकी घरवाली बैठी थी वहाँ. उठके चली गई."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"साब," तो म्हणाला, "मैंने जो सुना वो बोला था. भाऊ बोल रहा था, इतना. किसको बोल रहा था, वो मेरे को किसी ने पूछा नहीं. आपको पूछा था."

त्यानं फोन ठेवला. चोवीस वर्षं तो माझ्यासाठी थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली. कोसाडीचा रस्ता आता डांबरी झालाय. जैतूबाईचं घर तेच, कुडाचं, सारवलेलं, फक्त वर कौलांऐवजी पत्रे. ती अंगणात सुपातली मोहफुलं वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला लगेच ओळखलं. बसायला बाज टाकली, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"जैतूबाई, मी कोर्टात खोटं बोललो."

तिनं रिकामा तांब्या खाली ठेवला.

मी सांगत गेलो. कुंदा गेडामचा आवाज आला तेव्हा बारा वीस झाले होते. माझं काम तिथं संपलं होतं. गाड्या निघाल्या होत्या, सगळ्यांना कळलं होतं. मारणारे तिथून गेले बारा बत्तीसला. माझ्या घड्याळात मी पाहिलं, कारण त्या बारा मिनिटांत मी घड्याळाकडे फार वेळा पाहिलं. नागोराव माझ्यापासून तीन हातांवर होता. माझ्या उजव्या हाताशी जॅकची टामी पडलेली होती, लोखंडी, चांगली दीड हात लांब. मला ती दिसत होती.

"मग काय केलं तुमी?"

"तार कापत राहिलो."

"कायची तार?"

"तीच. संदेश पोचल्यावरही. दाण्याएवढी कापायची, सेट बघायचा, पुन्हा कापायची. काही गरज नव्हती. हातात काम असलं की बाहेर यावं लागत नाही."

अंगणात एक कोंबडी मोहफुलांत शिरली. जैतूबाईनं तिला हाकललं नाही.

"भाऊ म्हणे तो?" तिनं विचारलं.

"हो."

"किती डाव?"

"मोजले नाहीत. पुष्कळ. आधी मोठ्यानं. मग हळू. शेवटी नुसता ओठांचा आवाज."

"कोणाले म्हणे?"

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"मला. गाडीत मी आहे हे मारणाऱ्यांना माहीत नव्हतं, त्याला होतं. नाव घेतलं असतं तर मी सापडलो असतो. म्हणून नुसतं भाऊ म्हणत होता."

मला वाटलं ती रडेल, किंवा फुलांचं सूप उचलून माझ्या तोंडावर मारेल. मला तेच हवं होतं बहुतेक.

"चोवीस वर्सं," ती म्हणाली, "मी ह्या गावात खाली मान घालून पाणी भरलं. माह्या पोराले शाळेत चोराचा पोरगा म्हणत. माहा सासरा मेला तवा म्हणे, नाग्यानं असं काऊन केलं असन? मी म्हटलं, त्यानं नाई केलं. म्हणे, मग तो वायरलेसवाला कायले खोटं बोलन? आपल्या घरचं जेवलेला माणूस."

मी खाली वाकून तिच्या पायांना हात लावायला गेलो. ती मागं सरकली.

"माह्या पाया नका पडू. उठा."

तिनं पदर कमरेला खोचला आणि ती अंगणाबाहेर निघाली. मी तिच्या मागं. शाळेसमोरच्या चिंचेखाली दहा-बारा माणसं बसली होती; दुपारची वेळ, कुणी तंबाखू मळत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. सरपंचही होता, तरणा माणूस. जैतूबाई त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तशी ती तिथं कधी आलेली नसावी, कारण सगळे एकदम गप्प झाले.

"हे कोण हायेत, ओळखता?" तिनं विचारलं. एकदोन म्हाताऱ्यांनी मान हलवली. "कोर्टात ह्यांनीच सांगितलं होतं. आता काय म्हणतेत ते आइका."

मी सांगितलं. उभ्यानं सांगितलं. चावी, डोह, बारा मिनिटं, टामी, तार, आणि तो शब्द कुणासाठी होता ते. मधेच माझा आवाज गेला तेव्हा कुणी पाणी दिलं नाही. सरपंच खाली बघत होता. एक म्हातारा उठला, माझ्या पायाशी थुंकला आणि चालता झाला. मी बोलत राहिलो.

"हे कागदावर लिहून द्यान का?" शेवटी सरपंचानं विचारलं.

"देतो."

त्यानं शाळेतून वही आणि पेन आणलं. मी लिहिलं, सही केली, तारीख घातली. जैतूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि मास्तरांना मोठ्यानं वाचायला लावला. मास्तरांनी वाचला. मग तिनं तो घडी घालून ब्लाउजात ठेवला.

मी तिच्याकडे पाहत उभा होतो. तिनं रस्त्याकडे पाहिलं.

"चारची गाडी भेटन तुमाले," ती म्हणाली. "निघा आता."